अनुसयाबाईंच्या अंगणातला निळा ड्रम

माझ्या सासूबाईंनी शेवटपर्यंत लोकांना सांगितलं की त्यांची सून दवाखान्यात आहे. पांढरा कोट, काचेच्या नळ्या, अंगाला येणारा स्पिरिटचा वास, सगळं जुळत होतं, त्यामुळे कोणाला शंका आली नाही. खरं सांगायची सोय नव्हती. नणंदेचं लग्न जमायचं होतं आणि "आमची सून जंतू पाळते" हे वाक्य पाहुण्यांसमोर उच्चारण्यासारखं नव्हतं.

मी धानाच्या मुळांशी राहणारे जिवाणू वाढवायचं काम केलं. चंद्रपूर जिल्ह्याच्या पूर्वेला, जिथे कापूस संपतो आणि धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, सुरू होतात, तिथल्या एका लहानशा प्रयोगशाळेत माझी सगळी नोकरी गेली. कार्यालयात मला समोर मेश्राम बाई म्हणत आणि पाठीमागे जंतूबाई. पुढे पुढे लोक समोरच जंतूबाई म्हणू लागले आणि मीही ओ देऊ लागले.

काम काय होतं ते सांगते, म्हणजे पुढचा घोटाळा कळेल. धानाचं रोप उपटलं की मुळांना चिखल लागलेला दिसतो. आपण तो झटकून टाकतो. खरी वस्ती त्या चिखलातच असते. रोप पानांमध्ये साखर तयार करतं आणि त्यातली बरीचशी मुळांवाटे बाहेर झिरपू देतं. फुकटचं जेवण आहे म्हटल्यावर कोण येणार नाही? कोणी मुळाबाहेर पंगत धरून बसतात, कोणी मुळाला चिकटून, आणि काही तर सरळ मुळाच्या आत शिरून घरजावयासारखे राहतात. त्यातले काही नुसतेच खातात. काही उलटून रोपालाच खातात. पण काही खाल्ल्या अन्नाला जागतात, हवेतला नत्र धरतात आणि रोपाला देतात. धानाची तर गंमत आणखी वेगळी. बांधीतल्या चिखलात हवा नसते, म्हणून रोप आपल्या पोकळ नळ्यांतून हवा खाली मुळांपर्यंत पोचवतं. त्यामुळे मुळाच्या अगदी अंगाशी हवा लागणारे राहतात आणि केसभर पलीकडे हवेचा तिटकारा असणारे, एकाच भिंतीच्या दोन बाजूंना चुली मांडलेल्या जावांसारखे.

त्या गर्दीतून खाल्ल्या अन्नाला जागणारे हुडकायचे, बाटलीत वाढवायचे, कोळशाच्या काळ्या भुकटीत कालवून पाकिटं भरायची, हे माझं काम. शेतकऱ्यानं रोवण्याच्या, लावणीच्या दिवशी पाकीट पाण्यात मिसळायचं, पऱ्ह्यांची म्हणजे रोपांची मुळं त्यात थोडा वेळ बुडवायची आणि मग रोवणा करायचा. इतकं सोपं. पण युरिया फेकला की चार दिवसांत धान हिरवागार होतो आणि बघणाऱ्याचं समाधान होतं. माझे जिवाणू जमिनीखाली काय करतात ते कोणाला दिसत नाही. "बाई, तुमच्या पाकिटानं काही दिसून नाई राह्यलं," हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं की शेवटी शेवटी मलाच रात्री वाटायचं, असतील ना ते खाली?

गिऱ्हाईकंही एकेक नग भेटली. एका शेतकऱ्याला मी बजावलं होतं, भांडं स्वच्छ घ्या. त्यानं टाकी फिनाईलनं धुतली, तीनदा, आणि मग पाकीट ओतलं. जिवाणूंचा जागीच निकाल लागला. वर मलाच म्हणाला, "एवढी सफाई तं म्या पोराच्या बारशालेही नाई केली." भद्रावतीच्या कॉलनीतले एक निवृत्त गृहस्थ कुंडीतल्या तुळशीसाठी पाकीट न्यायचे आणि दर महिन्याला जिवाणूंची खुशाली विचारायला फोन करायचे. एसटीत मात्र मला या धंद्याचा फायदाच झाला. डब्यात काय आहे असं कंडक्टरनं विचारलं की मी खरं सांगायचे, "जंतू." शेजारची बाई उठून उभी राहायची आणि मला खिडकी मिळायची.

आता ड्रमाची गोष्ट. नदीच्या अलीकडे आमचा जिल्हा, पलीकडे गडचिरोली. गडचिरोलीत दारूबंदी आहे. पण बंदी माणसांना लागू, मोहाच्या झाडांना कुठे? मोहफुलं नाहीतर गूळ पाण्यात कुजवत ठेवतात. ते फसफसायला लागलं की त्याला सडवा म्हणतात, आणि सडवा भट्टीवर चढवला की दारू. नुसता सडवा सापडला तरी गुन्हाच. नदीपलीकडच्या ज्या गावात हे घडलं त्याला मी कोसमटोला म्हणते. खरं नाव लिहिलं तर डोमाजी रागावेल.

डोमाजी म्हणजे गावचा नावाजलेला भट्टीवाला. धानाची शेतीही करायचा, पण ओळख भट्टीची. पांढऱ्या भरघोस मिशा, आणि आपल्या हाताच्या मालाचा असा गर्व की बंदी असूनही तो लपवणं त्याला जड जायचं. आणि अनुसयाबाई म्हणजे गावातल्या दारूबंदीच्या बायांच्या म्होरक्या. उंचीनं बेताच्या, आवाजानं नाही. मुसळ घेऊन ज्या अंगणात शिरायच्या तिथली सडव्याची हंडी फुटलीच म्हणून समजा. डोमाजीच्या हंड्या त्यांनी किती फोडल्या याचा दोघांचा आकडा वेगवेगळा होता.

अनुसयाबाईंना माझे जिवाणू एकदम पटले. मी गावात माहिती सांगायला गेले तेव्हा त्या मधेच म्हणाल्या, "म्हणजे म्याडम, हे मुळाशी राहून काम करतेत, आन बोंब नाई मारत?"

"नाही मारत."

"मले असेच लोक पाह्यजेत. आमच्या कमिटीतही घालून देऊ काय?"

बचत गटातल्या सगळ्या घरांचे पऱ्हे एकदम बुडवायचं ठरलं. घरोघर नवरे कुरकुरले, पण अनुसयाबाईंच्या भरवशावर बायांनी त्यांना गप्प केलं. एवढ्या बांध्यांना पाकिटं पुरणार नव्हती. म्हणून मी ड्रमाची रीत वापरली. मोठ्या निळ्या ड्रमात पाणी, त्यात गूळ आणि थोडी पाकिटं. एक दिवस ठेवलं की जिवाणू गूळ खाऊन वाढतात आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांना पुरतात. ड्रम अनुसयाबाईंच्या अंगणात ठेवला. सावली पाहून ठेवला. सावली मोहाच्या झाडाची होती, हे मला तेव्हा खटकलं नाही.

"वरून फडकं बांधा. उद्या येते," असं सांगून मी निघाले आणि त्याच संध्याकाळी पाऊस असा लागला की मधला नाला रस्त्यावरून वाहू लागला. माझा उद्या उगवायला बरेच दिवस लागले. फोनला रेंज नव्हती. पाणी उतरल्यावर पहिल्या गाडीनं, ड्रम नासला असेल या धास्तीनं प्रयोगशाळेत होती तेवढी सगळी पाकिटं पिशवीत घालून मी कोसमटोल्याला पोचले. गावाच्या वळणावरच मला वास आला.

तो वास मी ओळखते. प्रयोगशाळेत एखाद्या बाटलीचं झाकण सैल राहिलं की आगंतुक शिरतात, त्यातलं हे सगळ्यात आगाऊ घराणं, यीस्टचं. पाव फुगवणारे हेच आणि गुळाची दारू करणारेही हेच. माझ्या जिवाणूंच्या जेवणावर ते येऊन बसले होते.

अंगणात सगळं गाव जमलं होतं. पोलिसांची जीप उभी होती. कोणीतरी फोन केला होता की दारूबंदीच्या अध्यक्षीणबाईच्या घरी, मोहाच्या झाडाखाली, ड्रमभर सडवा लागला आहे. हंड्या फुटलेले सगळे लोक पुढच्या रांगेत उभे होते. इतका आनंद मी त्या गावात पोळ्यालाही पाहिला नव्हता.

ड्रमावर बोटभर फेस होता. मी हळूच विचारलं, "अनुसयाबाई, हे एवढं कसं झालं?"

"म्याडम, तुमी आल्या नाई. लेकरं उपाशी राह्यतीन म्हणून म्या रोज गूळ घालत गेली. आन पाणी पडून राह्यलं म्हणून झाकण गच्च लावलं." मग त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "म्याडम, हा सडवा म्हणून कागदावर चढला तं म्या उद्या कोणाच्या अंगणात पाय ठेवू? या बाया माह्या नावावर आपापल्या घरी भांडल्या. त्यायचं काय?"

 त्यांचं वाक्यन्‌वाक्य खरं होतं. कमिटीचं सगळं बळ त्या बाईच्या नावात होतं, आणि ते नाव माझ्या ड्रमात पडलं होतं.

जीपमधून आलेल्या जमादारांपुढे मी गेले, ओळखपत्र दाखवलं, पाकीट दाखवलं. "साहेब, हे जिवाणू खत आहे."

"खताले गुळाचा वास काऊन येते?"

"त्यात गूळ आहे म्हणून."

"आन फेस?"

"ते... जिवाणू श्वास घेतात."

पुढची रांग खदखदून हसली. "जमादार साहेब, माहेही श्वास घेत होते, तई तुमी नाई आयकलं!" असं मागून कोणीतरी ओरडलं.

जमादार सज्जन होते, पण त्यांना नाक होतं. "म्याडम, तुमच्या मशीनमधी तपासाले किती टाइम लागते?"

"आठवडा तरी."

"आठवडाभर म्या काय इथी ड्रम राखत बसू?" त्यांनी गर्दीवर नजर फिरवली आणि ती डोमाजीवर थांबली. दोघांचा परिचय जुना होता, धंद्यातलाच. "डोमाजी, ये इकडं. सांग, हे काय हाय?"

अनुसयाबाईंनी डोळे मिटले. मला त्यांचं काही चुकलं असं वाटलं नाही. ज्याच्या हंड्या त्यांनी आयुष्यभर फोडल्या, तोच आता पंच.

डोमाजी घाईत नव्हता. त्यानं आधी तांब्याभर पाणी मागवून चूळ भरली. मिशा दोन्ही बाजूंना सारल्या. ओंजळ ड्रमात घालणार तोच मी ओरडले, "पिऊ नका भाऊ, त्यात जंतू आहेत!"

"बाई," तो शांतपणे म्हणाला, "म्या आजवर जे जे पेलो ना, ते पाहून तुमचे जंतू मले घाबरतीन."

त्यानं घोट घेतला. तोंडात इकडून तिकडे फिरवला. आकाशाकडे पाहिलं, मग अनुसयाबाईंकडे पाहिलं. त्याच्या मनात काय चाललं असेल ते गावातल्या शेंबड्या पोरालाही कळत होतं. नोकरीत मी पुष्कळ निकालांची वाट पाहिली, पण इतका लांबलेला एक घोट कधी पाहिला नव्हता.

"थू!" डोमाजीनं घोट लांब थुंकला. "याले सडवा कोन म्हणते? कोनं फोन केला, त्याले आना समोर! गूळ बेहिसाब, पाण्याचा पत्ता नाई, आन वरून हा कोयशाचा चुरा टाकला. हे भट्टीवर चढवलं तं भट्टी लाजंन. साहेब, हे दारू नाई. ही दारूची बदनामी हाय."

"नक्की?" जमादारांनी विचारलं.

डोमाजीला ते फार लागलं. "याले तुमी सडवा लिवसान, तं मंग माह्या सडव्याले काय लिवसान?"

"तुह्या सडव्याले?"

डोमाजी थबकला. "मागच्या जन्मीच्या, साहेब."

सगळं गाव हसलं, जमादारही हसले, आणि हसलेल्या माणसाला पंचनामा करणं जमत नाही. जीप निघून गेली. मला मात्र रडू फुटलं आणि मी ते पाऊस समजून पदरानं पुसलं. अनुसयाबाईंनी आभार मानले नाहीत. डोमाजीजवळ जाऊन नुसतं विचारलं, "गूळ जास्ती झाला काय रे?"

"लय," डोमाजी म्हणाला. मग माझ्याकडे वळून हळूच, "पर बाई, अजून एक दिवस राह्यला असता, तं मले खोटं बोला लागलं असतं."

तो ड्रम आम्ही खताच्या खड्ड्यात रिकामा केला. पिशवीतली पाकिटं साध्या पाण्यात कालवली, पऱ्ह्यांच्या जुड्या बुडवल्या आणि बाया चिखलात उतरल्या. दुपारपर्यंत रोवण्याची गाणी सुरू झाली होती.

पण उपकाराचं व्याज डोमाजीनं लगेच मागितलं. थोड्याच दिवसांत बाया मुसळ घेऊन त्याच्या परसात शिरल्या तर तिथे हंडी, आणि हंडीला आमचं रिकामं पाकीट चिकटवलेलं. "हात लावू नका," डोमाजी म्हणाला, "जिवाणू खत हाय."

अनुसयाबाईंनी हंडीत डोकावून पाहिलं. मुसळ खाली ठेवलं. "असं काय? बरं झालं. तुहे पऱ्हे अजून राह्यलेच हायत ना? बुडव."

"आँ?"

"खत हाय ना? मंग बुडव पऱ्हे. आमी पाहातो."

सगळ्या बायांदेखत डोमाजीनं आपल्या हातच्या खाशा सडव्यात पऱ्हे बुडवले. घरच्या कोणाला पोचवून आल्यासारखं त्याचं तोंड झालं होतं, असं मला नंतर सगळ्यांनी वेगवेगळं सांगितलं. उरलेलं त्यानं त्याच बांधीत ओतलं.

पुढच्या वर्षी अनुसयाबाईंनी ड्रम राखायला कोणाला बसवलं असेल? डोमाजीला. मी म्हटलं, चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या! त्या म्हणाल्या, "म्याडम, गूळ कई फसफसते हे या गावात एकाच नाकाले समजते. ते नाक आजवर माह्या इरोधात होतं." आणि खरंच, त्यानंतर ड्रम कधी बिघडला नाही, आणि डोमाजीचे पऱ्हेही त्यातच बुडू लागले. डोमाजी ड्रमाला कान लावायचा, हुंगायचा आणि आवाज द्यायचा, "चला वं बायाहो, लेकरं तयार हायत!" त्याची स्वतःची भट्टी बंद झाली का, हे मी विचारलं नाही. माझं खातं मुळांचं होतं.

माझ्या नोकरीचे शेवटचे दिवस उरले होते तेव्हा दोघं एकाच एसटीनं भांडत भांडत प्रयोगशाळेत आले. डोमाजीच्या हातात सडवा ओतलेल्या त्याच बांधीतल्या उभ्या धानाचं मुळासकट उपटलेलं बुड, ओल्या पोत्यात गुंडाळलेलं. त्या कोपऱ्यात धान गावात सगळ्यात चांगला येतो, दरवर्षी येतो, यावर दोघांचं एकमत होतं. का येतो यावर नव्हतं. डोमाजी म्हणे माझ्या हंडीतले जंतू दमदार. अनुसयाबाई म्हणत माझ्या ड्रमातले. गावानं पैजा लावल्या होत्या, आणि निकाल मी द्यायचा होता.

मी मुळं धुतली, चिरली, हिरवट खिरीसारखं पातळ खाद्य असलेल्या बाटलीत सोडली आणि त्यांना पुढच्या बाजाराच्या दिवशी बोलावलं. ते आले तोवर बाटली निळी झाली होती, म्हणजे नत्र धरणारे आत वाढले होते. वरच्या पातळीच्या जरा खाली सायीसारखा पांढरा पडदा धरला होता. माझे लोक असेच बसतात. अगदी वर नाही, कारण जास्त हवा सोसत नाही, अगदी खाली नाही, कारण थोडी तरी लागते. इतकी वर्षं पाहूनही तो पडदा दिसला की मला बरं वाटतं. रात्रीच्या माझ्या शंकेला ते उत्तर असतं. आहेत, खाली आहेत.

डोमाजीनं बाटलीला नाक लावलं. "हेच?"

"हेच."

"मंग कोनाचे? तिचे का माहे?"

खोटं सांगून कोणालाही जिंकवता आलं असतं. मी म्हटलं, "भाऊ, ते माझ्याकडच्या साधनांनी सांगता येत नाही. हंडीतले तर बहुतेक नसावेत. ड्रमातले असतील. पण तुमच्या बांधीत हे आधीपासूनही असणार, तुमच्या आजोबांच्या काळापासून. आमच्या पाकिटातला मूळ वाणसुद्धा इथल्याच, या झाडीपट्टीतल्या धानाच्या मुळांतून काढलेला आहे."

डोमाजीनं मिशा दोन्ही बाजूंना सारल्या. त्या दिवशी ड्रमाशी होता तस्साच, निकाल देणाऱ्याचा चेहरा.

"म्हणजे बाई," तो म्हणाला, "तुमी नोकरीभर आमच्याच घरचे लोक पाकिटात भरून आमाले इकून राह्यल्या होत्या?"

दाराशी उभे असलेले आमचे साहेब खोकले. खोटं काहीच नव्हतं त्यात. सगळ्या नोकरीचा असा एका वाक्यात पंचनामा झाला होता आणि मला पंच कोण मिळणार?

अनुसयाबाई पुढे झाल्या. आवाज नेहमीचा, अंगणातला.

"मंग काय झालं रे? सासरी जाऊन, खाऊनपिऊन, धडधाकट होऊन लेक माहेरी येते. जो तिले गाडी जुपून आणते, त्याले भाडं नको द्याले?"

 डोमाजीनं एकदा त्या निळ्या बाटलीकडे पाहिलं. मग त्यानं खांद्यावरची पिशवी उतरवली. आत नुकत्याच निघालेल्या हलक्या, म्हणजे लवकर पिकणाऱ्या, धानाचे नवे तांदूळ होते. ती पिशवी त्यानं माझ्या टेबलावर, बाटलीशेजारी ठेवली.

"घ्या बाई," तो म्हणाला, "गाडीचं भाडं."